म्हादूचा पांगुळगाडा

एका गावात एक भोळा माळी होता. त्याचं नाव म्हादू. तो आळशी नव्हता, खोटारडा नव्हता, आणि कामाला त्याने कधी नाही म्हटलं नाही. त्याची खोड एकच. सांगितलं तेवढंच तो करायचा, आणि सांगितलं तस्संच करायचा.

एकदा मालतीकाकू त्याला म्हणाल्या, "म्हादू, ही कुंडी सावलीत ठेव हं. ऊन लागता कामा नये."

म्हादूने कुंडी पेरूच्या झाडाच्या सावलीत ठेवली. सावली सरकली, तशी त्याने कुंडी सरकवली. सावली भिंतीवर चढली, तेव्हा तो कुंडी घेऊन शिडीवर चढला. मग दिवस मावळला आणि सावलीच नाहीशी झाली. तेव्हा तो कुंडी पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"काकू, सावली संपली. आता कुठं ठेवू?"

काकूंनी कुंडी त्याच्या हातातून घेतली आणि त्याला जेवायला वाढलं. दुसरं काय करणार?

काकूंचं घर लहान आणि अंगण त्याहून लहान. पण त्या अंगणात हिरवळ होती. चार खाटा मावतील एवढीच. काका शहरातल्या मोठ्या बागेत नोकरीला होते. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी तिथली थोडी हिरवळ ओल्या पोत्यात गुंडाळून आणली आणि अंगणात लावली. आता काका नव्हते, हिरवळ होती. सगळ्या गावात तेवढी एकच. बाकीच्यांकडे गवत शेळी खायची.

शेळी काकूंकडेही होती. तिचं नाव चंद्री. ती गोठ्यापाशी खुंट्याला बांधलेली असायची आणि दिवसभर हिरवळीकडे बघत बसायची.

काकूंची मुलगी वैजू. ती बिघडलेले मोटारपंप दुरुस्त करायची. आसपासच्या गावांतली माणसं मोटारसायकलवर पंप बांधून तिच्या दारात आणत. वैजू हुशार होती, कामसू होती आणि बुटकी होती. पहिल्या दोन गोष्टी पाहुण्यांना कळायला वेळ लागे. तिसरी फाटकातूनच दिसे.

मागच्या वर्षी एका मुलाकडची माणसं तिला बघून गेली. पोहे खाल्ले, चहा प्यायली आणि जाताना म्हणाली, "मुलगी छान आहे हो. पण उंचीत जरा कमी पडते." त्या दिवशी वैजूने वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली आणून ठेवले. पुन्हा कुणासमोर स्टुलावर चढायला नको म्हणून.

आता येत्या रविवारी नवे पाहुणे येणार होते. श्रीपाद नावाचा मुलगा आणि त्याला लहानाचा मोठा केलेली आत्या. फोटो पाहून श्रीपाद वैजूला आवडला होता. तसं ती म्हणाली नव्हती. पण फोटो टेबलावरून तिच्या पक्कडींच्या डब्यात गेला, हे काकूंनी पाहिलं होतं.

"या खेपेला काही बिनसता कामा नये," काकू म्हणाल्या. "घरात दाटी होते. हिरवळीवर खुर्च्या मांडू. म्हादू, तेवढी हिरवळ नीट काप बाबा. केवढी वाढलीय."

"कापतो," म्हादू म्हणाला.

वैजूने कुणाचं तरी मोडकं गवत कापायचं यंत्र दुरुस्त करून ठेवलं होतं. ते विजेवर चालायचं. एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला वाटीएवढं डोकं, आणि डोक्यातून बाहेर आलेली नायलॉनची दोरी. बटण दाबलं की दोरी गरगर फिरायची आणि समोर येईल ते गवत सपासप उडवायची.

म्हादूने दांडा धरला, बटण दाबलं आणि हिरवळभर फिरला. यंत्र कधी वर गेलं, कधी खाली गेलं. काम झाल्यावर हिरवळ अशी दिसायला लागली, की जणू कुणी तिची अंधारात हजामत केली. कुठे टक्कल, कुठे शेंडी.

वैजूने कंबरेवर हात ठेवून पाहिलं. "म्हादूभाऊ, हात हलतो तसं यंत्र हलतं. त्याला चाकांवर बसवलं पाहिजे. चाकं जमिनीवरून चालली की सगळं गवत एका उंचीत कापलं जाईल." तिने जरा विचार केला. "शेजारच्या वहिनींकडे पांगुळगाडा आहे बघा. त्यांचं बाळ आता पळायला लागलंय. तो मागून आणा आणि यंत्र त्याला घट्ट बांधा. अजिबात हलता कामा नये."

ती पंप बघायला शेतावर गेली. म्हादूने पांगुळगाडा आणला. लाकडी, तीन चाकांचा, लाल रंग उडालेला. त्याने यंत्र पांगुळगाड्याला बांधलं. मग हलवून पाहिलं. हललं. गाड्याला चाकं होती ना. मग त्याने पांगुळगाडा पेरूच्या झाडाला बांधला. पुन्हा हलवून पाहिलं. झाडाची पानं हलली, यंत्र हललं नाही. म्हादूला समाधान वाटलं.

वैजू आली. "हे काय?"

"हलवून बघा ताई. अजिबात हलत नाही."

"अहो, मग ढकलायचं कसं? जे ढकलायचं असतं ते झाडाला बांधायचं नसतं. ते सुटं ठेवायचं."

"बरं," म्हादू म्हणाला. "लक्षात ठेवतो."

आणि म्हादू लक्षात ठेवलेली गोष्ट कधी विसरत नसे. खरी अडचण तीच होती.

वैजूने दोऱ्या सोडल्या. लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट आणले. यंत्राचा दांडा तिने पांगुळगाड्याच्या उभ्या लाकडाला तिरका आवळला. डोकं तीन चाकांच्या मधोमध आडवं लटकलं. दांड्याचं वरचं टोक ढकलायला बरोबर म्हादूच्या पोटापाशी आलं. जणू ती दोघं एकमेकांसाठीच घडवली होती, पांगुळगाडा आणि यंत्र.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, "म्हादू, चंद्रीला पाणी पाजून आण रे."

चंद्री पाणी प्यायली. परत येताना ती नेहमीप्रमाणे अडून बसली आणि म्हादूला तिला मागून ढकलत खुंट्यापर्यंत आणावं लागलं. तिथे त्याने दावं हातात घेतलं आणि थबकला. जे ढकलायचं असतं ते बांधायचं नसतं. त्याने दावं खुंट्यावर टांगलं आणि घरी गेला.

सकाळपर्यंत चंद्रीने दारातली सगळी शेवंती खाल्ली. हिरवळीचाही एक कोपरा चाखला. तेवढ्यात काकू उठल्या म्हणून बरं.

"अरे म्हादू! जिवंत प्राण्याला असं मोकळं सोडतात होय?" काकूंनी कपाळाला हात लावला. "त्याला बांधायचं, आणि तोंडासमोर काहीतरी खायला टाकायचं. म्हणजे ते भलतीकडे तोंड घालत नाही."

"बरं, लक्षात ठेवतो."

त्याच दिवशी म्हादू यंत्र चालवायला निघाला. पाच पावलं गेला नाही तोच यंत्र वाकडं चाललं आणि त्याने काकूंच्या मोगऱ्यात तोंड घातलं. म्हादूने लगेच बटण बंद केलं. याचं काय करायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. बांधायचं तर नव्हतं, कारण हे ढकलायचं होतं. राहिलं खायला टाकणं. त्याने चंद्रीच्या पुढ्यातला कडबा आणला, यंत्रासमोर ठेवला आणि बटण दाबलं.

कडबा सगळ्या अंगणभर उडाला. नायलॉनची दोरी कडब्यात गुरफटून तुटली. यंत्र घुर्र करून थांबलं.

"जेवलं की हो," म्हादू वैजूला म्हणाला.

वैजूला हसावं की रडावं कळेना. तिने नवी दोरी घातली. वाकडं झालेलं चाक सरळ केलं. "म्हादूभाऊ, इकडे बघा. यंत्राला भूक लागत नाही. तुम्ही एवढंच बघायचं, की याचं डोकं जमिनीपासून दोन बोटं वर आहे. टेकू द्यायचं नाही. टेकलं की माती उडते. आणि खाली हात घालण्याआधी बटण बंद करायचं. कळलं?"

"टेकू द्यायचं नाही. दोन बोटं वर. लक्षात ठेवतो."

मग म्हादूने हिरवळ कापायला घेतली. एक पाऊल ढकलायचं, बटण बंद करायचं, खाली वाकून दोन बोटं घालून बघायचं, उठायचं, बटण दाबायचं, एक पाऊल ढकलायचं. रस्त्यावरची माणसं उभी राहून बघू लागली.

"काय रे म्हादू, यंत्राच्या पाया पडतोस का?"

"मोजतोय."

"अरे, मघाशी मोजलं होतंस ना?"

"ते मघाचं झालं."

चार खाटांएवढी हिरवळ कापायला त्याला शनिवार मावळेपर्यंत वेळ लागला. पण काय कापली होती! नव्या गालिच्यासारखी. काकूंनी तिच्यावरून तळहात फिरवला, आणि काका गेल्यापासून पहिल्यांदा ती हिरवळ काकांच्या हातची वाटली त्यांना. त्यांचे डोळे भरून आले. एका कोपऱ्यात एक पातं उभं राहिलेलं दिसलं, ते त्यांनी खुडलं.

"हे बघ म्हादू, असं एखादं राहतं. उद्या पाहुण्यांसमोर कुठेही एक जरी डोकं वर आलेलं दिसलं, तरी लगेच खाली आणायचं."

"आणतो."

"आणि आणखी एक." काकूंनी आवाज खाली आणला. "पाहुण्यांसमोर उंचीचा विषय काढायचा नाही."

"गवताच्याही?"

"कशाच्याच नाही."

"लक्षात ठेवतो," म्हादू म्हणाला.

रविवारी पाहुणे आले. आत्याबाई ठसठशीत होत्या. बारीक नजर, मोठा आवाज. आणि श्रीपाद? फोटोत तो बसलेला होता, त्यामुळे कुणाला कल्पना आली नव्हती. तो फाटकातून वाकून आत आला आणि सरळ उभा राहिला. उभा राहिला तो राहतच गेला. बांबूसारखा. काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वैजूकडे, आणि घाईघाईने खुर्च्या पुढे केल्या.

सगळे हिरवळीवर टेबलाभोवती खुर्च्यांत बसले. पांगुळगाडा एका कडेला उभा होता. काकूंनी म्हादूच्या हातात चहाचा ट्रे दिला. म्हादूने आत्याबाईंचा कप उचलला आणि टेबलावर नेला. टेकू द्यायचा नाही. टेबलापासून दोन बोटं वर त्याने तो थांबवला, नीट बघितला आणि सोडला.

माती उडाली नाही. चहा उडाला. आत्याबाईंच्या नव्या साडीवर.

"अरे, कप टेकल्याशिवाय हात काढतात का?" काकू ओरडल्या. "आधी खाली पूर्ण टेकवायचं, मग हात काढायचा!"

"बरं, लक्षात ठेवतो."

आत्याबाईंनी साडी झटकली. राग गिळायला त्यांनी विषय बदलला. "हिरवळ मात्र सुरेख ठेवलीय हो. कशी सगळी सारखी. काय रे बाबा, किती उंचीवर कापतोस?"

म्हादूने ओठ घट्ट मिटले.

"अरे, तुलाच विचारतेय. उंची किती ठेवतोस?"

"ते सांगायचं नाही," म्हादू म्हणाला. "पाहुण्यांसमोर उंचीचा विषय काढायचा नाही असं काकूंनी सांगितलंय."

"का बरं?"

म्हादूला वाटलं, हा काही उंचीचा विषय नाही, हा का-बरंचा विषय आहे. म्हणून त्याने सांगितलं. "मागच्या पाहुण्यांनी वैजूताईंना उंचीवरून नाकारलं ना, म्हणून."

गोठ्यापाशी चंद्री एकदा ओरडली. वैजू पोह्यांचे दाणे मोजत असल्यासारखी बशीत बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. काकूंना वाटलं, हिरवळीने आपल्याला आत घ्यावं.

"असं होय," आत्याबाई म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंस. लपवून काय होतंय? ऊठ ग मुली. श्रीपाद, तूही ऊठ. शेजारी शेजारी उभे राहा बघू."

दोघं उभी राहिली. वैजूचं डोकं श्रीपादच्या शर्टाच्या खिशापाशी आलं. आत्याबाईंनी मान तिरकी करून पाहिलं. मग दुसरीकडे तिरकी करून पाहिलं. "हं," त्या म्हणाल्या. काकूंना तो हं ओळखीचा होता. मागच्या वर्षीच्या पाहुण्यांनीही तसाच केला होता.

म्हादूही बघत होता. सगळी हिरवळ एका उंचीत, आणि तिच्यावर हे एक डोकं केवढं वर आलेलं! दिसलं की लगेच खाली आणायचं. तो श्रीपादच्या मागे गेला, त्याचे दोन्ही खांदे धरले आणि दाबायला लागला.

"अहो, अहो! काय करताय?" श्रीपाद म्हणाला. त्याचे गुडघे वाकले.

"म्हादू, सोड!" काकू ओरडल्या.

म्हादूने सोडलं नाही. पूर्ण टेकल्याशिवाय हात काढायचा नाही. श्रीपाद वाकला, बसला, चांगला गवतावर टेकला. मग म्हादूने हात काढले. अगदी काकूंनी सांगितलं होतं तसे.

श्रीपाद बसला तो पांगुळगाड्यासमोर. आता त्याचं नाक यंत्राच्या बरोबर पुढे आलं. तो रागवायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला लोखंडी पट्ट्या दिसल्या.

"अरेच्चा," तो म्हणाला. "हा पांगुळगाडा आहे ना? यावर हे बसवलं कुणी?"

"मी," वैजू म्हणाली.

"दांडा असा तिरका का?"

"सरळ लावला की डोकं तिरकं होतं, आणि एका बाजूनेच गवत कापलं जातं. हे बघा." ती दाखवायला खाली बसली. तिने गाडा आडवा केला. "चाकांची उंची कमीजास्त करायला इथे भोकं पाडायची राहिलीत."

"माझी रोपवाटिका आहे," श्रीपाद म्हणाला. "वाफ्यांच्या मधलं गवत मी अजून विळ्याने कापतो. तिथे चालेल का हे?"

"चाकं जरा जवळ आणली तर चालेल."

दोघांची डोकी यंत्रावर वाकली. आत्याबाईंनी खुर्चीतून पाहिलं. एक डोकं इकडे, एक डोकं तिकडे, आणि दोन्ही अगदी एका उंचीत. त्यांनी मान तिरकी केली, पण या वेळी तिरकी करायचं काही कारण सापडेना. मागे श्रीपादने इतक्या मुली पाहिल्या होत्या. एकीशीही तो चार वाक्यं बोलला नव्हता.

"चला, बसल्यावर सारखेच दिसतात की," त्या शेवटी म्हणाल्या. "संसार काय उभ्या उभ्या करायचा असतो? मालतीबाई, साखर आणा."

काकूंना आधी ते खरंच वाटेना. मग त्यांची अशी धांदल उडाली की पदर कुठे, चप्पल कुठे. आत्याबाईंना देवघर दाखवायला हवं, वैजूला साडी बदलून देवासमोर बसवायला हवं, साखरेचा डबा तर आता खालच्या फळीवर गेलेला. त्या वैजूला आणि आत्याबाईंना घेऊन आत निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "म्हादू, मी साखर घेऊन येते. तोवर पाहुण्यांना इथून हलू देऊ नकोस हं!"

"नाही हलू देत," म्हादू म्हणाला.

काकू आत गेल्या. म्हादू श्रीपादसमोर उभा राहून विचार करायला लागला. आज चूक होऊन चालणार नव्हती. वैजूताईंच्या लग्नाचा प्रश्न होता. त्याने आठवडाभरात शिकलेलं सगळं एकदा मनात म्हणून पाहिलं. हा पाहुणा ढकलायचा आहे का? नाही. मग सुटा ठेवायचा नाही. हा जिवंत आहे का? आहे. मग मोकळा सोडायचा नाही, आणि तोंडासमोर खायला टाकायचं.

"पाहुणे," तो म्हणाला, "जरा त्या पेरूपाशी येता का?"

श्रीपाद सरळ मुलगा होता. होणाऱ्या सासुरवाडीत पहिलाच दिवस. तो पेरूपाशी गेला. म्हादूने गोठ्यापाशी जाऊन चंद्रीच्या गळ्यातलं लांबलचक दावं सोडलं, कारण घरात तेवढी एकच मजबूत दोरी होती.

"हे काय?" श्रीपादने विचारलं.

"काकूंनी सांगितलंय."

श्रीपादला वाटलं, या गावची काही रीत असेल. आमच्याकडे नवऱ्या मुलाचा कान पिळतात, इथे झाडाला बांधत असतील. उलट म्हादूला दावं नीट गुंडाळता यावं म्हणून त्याने हात वर केले.

काकू साखरेची वाटी घेऊन हसत बाहेर आल्या. मागून आत्याबाई, आणि त्यांच्या मागे नवी साडी नेसलेली वैजू.

पेरूच्या झाडाला होणारे जावई बांधलेले होते. मानेपासून गुडघ्यापर्यंत. त्यांच्या तोंडासमोर कडब्याची पेंढी ठेवली होती. आणि हिरवळीवर, आत्याबाईंच्या खुर्चीत पुढचे पाय ठेवून, चंद्री पोहे खात होती.

काकूंच्या हातातली वाटी तिरकी झाली. साखर सांडायला लागली.

"मालतीबाई," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "ही तुमच्याकडची रीत का हो?"

वैजूने पदर तोंडात कोंबला, पण हसू काही थांबेना. ते बघून श्रीपादही झाडासकट हसायला लागला. "राहू द्या," तो म्हणाला. "मला तरी कुठे जायचंय?"

म्हादू मात्र हसला नाही. त्याने दाव्याची गाठ एकदा ओढून पाहिली, बाजूला झाला आणि अभिमानाने म्हणाला,

"काकू, हलवून बघा. अजिबात हलत नाहीत."